चार हजार मैलांची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवासाचे स्वरूप जगभर झपाट्याने पालटत होते. युरोपात लोहमार्गांचे जाळे पसरले होते. गाड्यांच्या वेळांची छापील पुस्तके मिळत होती. टपाल आणि तार यांमुळे दूरच्या माणसाशी विचारविनिमय करणे सुलभ झाले होते. लंडनमधील भावाने पॅरिसमधील बहिणीस पत्र लिहावे, अमुक दिवशी अमुक स्थानकावर भेटण्याचे ठरवावे आणि तेथून दोघांनी मिळून इटलीची किंवा स्वित्झर्लंडची वाट धरावी, हे तेथील सुखवस्तू कुटुंबांना अशक्य राहिले नव्हते. आपल्या देशातही १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि १८७० साली मुंबई व कलकत्ता ही दोन महानगरे लोहमार्गाने जोडली गेली.

नेमक्या याच काळात एक मराठी भाऊ आणि त्याची धाकटी बहीण दक्षिणेकडून निघून थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि तेथून बंगालपर्यंत पायी चालत गेली. तिकिटासाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. पत्र लिहावे असे घर मागे उरले नव्हते आणि पत्र यावे असा पत्ताही त्यांना नव्हता. आजचा मुक्काम कोठे आणि उद्याची वाट कोणती, हे दोघांनी एकमेकांस विचारून ठरवायचे, एवढेच त्यांच्या प्रवासाचे नियोजन होते. त्या भावाचे नाव श्रीनिवासशास्त्री डोंगरे. ती बहीण म्हणजे पुढे पंडिता रमाबाई या नावाने जगाला परिचित झालेली थोर विदुषी होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ या ठिकाणी झाला. हे स्थान आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील एक मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी ते विद्याध्ययनासाठी पुण्यास राहिले असता पेशव्यांच्या वाड्यातील एक स्त्री संस्कृत शिकत असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीसही विद्या द्यावी, असा संकल्प केला. स्त्रियांना देववाणी शिकविणे हे त्या काळी अधर्म्य समजले जात असे. अनंतशास्त्र्यांच्या प्रथम पत्नीच्या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे हा संकल्प सिद्धीस गेला नाही. पुढे ती निवर्तल्यावर यात्रेच्या निमित्ताने गोदावरीकाठी आलेल्या एका गृहस्थाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. तीच लक्ष्मीबाई. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकविले. लोकनिंदा असह्य झाली तेव्हा ते तिला घेऊन अरण्यात जाऊन राहिले. आपण करतो ते शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांनी उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे ग्रंथांचे आधार देऊन मांडले.

गंगामूळच्या त्या घरी विद्यार्थी येत, यात्रेकरू येत आणि प्रत्येकाचे आदरातिथ्य होई. या औदार्यापायी हळूहळू सर्व संपत्ती खर्च झाली, कर्ज झाले आणि अखेर घर सोडणे भाग पडले. त्या वेळी रमा अवघी सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटीत तिला निजवून ती पेटी एका सेवकाच्या मस्तकावर देण्यात आली आणि अशा रीतीने ती तान्ही मुलगी डोंगर उतरून जगाच्या वाटेला लागली. चालणे शिकण्यापूर्वीच तिचा प्रवास सुरू झाला होता.

त्यानंतर हे कुटुंब एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्री फिरत राहिले. वडील, आई, थोरला मुलगा श्रीनिवास, थोरली मुलगी कृष्णाबाई आणि सर्वांत धाकटी रमा. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसून ते पुराण सांगत. ऐकणारे लोक पोथीपुढे धान्य, फळे, पैसा असे जे काही ठेवीत, त्यावर निर्वाह होई. वडील वृद्ध झाले होते आणि त्यांची दृष्टी मंदावली होती. म्हणून रमेला शिकविण्याचे काम आईने अंगावर घेतले. दिवसभर घरकाम आणि वाटचाल असल्यामुळे पहाटेची शांत वेळ हीच त्यांची शाळा झाली. लक्ष्मीबाई मुलीला अंधारातच जागी करीत आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. अशा रीतीने भागवतातील सहस्रावधी श्लोक रमेला लहान वयातच मुखोद्गत झाले. भाऊ आणि बहीण यांच्या विद्येत त्या घराने भेद केला नाही. दोघांना तीच भाषा, तेच ग्रंथ आणि तीच वाट मिळाली.

परंतु या विद्येबरोबर पोट भरण्याची दुसरी कोणतीही कला मुलांना शिकविली गेली नव्हती. अनंतशास्त्र्यांना मुलांनी व्यवहाराच्या मागे लागावे हे पसंत नव्हते. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नधान्याची टंचाई पडली आणि पुराण ऐकण्यास येणाऱ्यांचे हात आखडले. होते नव्हते ते किडूकमिडूक, भांडीकुंडी, वस्त्रे सारे विकून झाले. तिरुपतीच्या परिसरातील रानात या कुटुंबाने पाणी, झाडांचा पाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर अकरा दिवस काढले. आपला भार मुलांवर नको म्हणून वृद्ध अनंतशास्त्र्यांनी एका पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. त्या क्षणी श्रीनिवास पुढे झाला. पंडिताच्या कुळातील त्या तरुणाने मोलमजुरी करून आईवडिलांना पोसण्याची तयारी दाखविली. पिढ्यानुपिढ्यांचा मानपान त्याने एका क्षणात बाजूस सारला. वडिलांनी आपला विचार सोडला. सर्वजण रानाबाहेर येऊन एका खेड्यात आश्रयास गेले. तथापि अनंतशास्त्र्यांचे शरीर आता थकले होते. थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. परक्या गावी प्रेतास खांदा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा श्रीनिवासाने पित्याचा देह धोतरात गुंडाळून पाठीवर घेतला आणि एकट्याने दोन मैल वाहून नेला.

उरलेली चौघे कशीबशी रायचूरला पोहोचली. रायचूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, जसा मराठवाडाही होता. मुंबईकडून आलेला आणि मद्रासकडून आलेला असे दोन लोहमार्ग १८७१ साली याच रायचूरला एकत्र मिळाले होते. तेथून गाडीत बसणारा मनुष्य देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यास जाऊ शकत होता. नांदेड आणि मुदखेड यांवरून जाणारा मनमाड-हैदराबाद मार्ग होण्यास तर अजून सुमारे पंचवीस वर्षे होती. ज्या गावी रूळ पोहोचले होते त्या गावीच हे कुटुंब अन्नावाचून आणि आजाराने जागच्या जागी खिळून पडले. लक्ष्मीबाईंना ताप चढला आणि त्या भ्रमात बाजरीची भाकरी मागू लागल्या. रमा शेजारच्या घरी गेली. घरातील बाईसमोर ती उभी राहिली, परंतु भीक मागण्याचा शब्द तिच्या ओठांतून बाहेर पडेना. डोळ्यांतून मात्र अश्रू वाहू लागले. त्या माउलीने न सांगताच ओळखले आणि भाकरीचा तुकडा तिच्या हाती ठेवला. रमा धावत परतली. पण तो तुकडा खाण्याचीही शक्ती आईच्या अंगी उरली नव्हती.

लक्ष्मीबाई गेल्या. स्मशान तीन मैल दूर होते. दोन ब्राह्मणांना दया आली आणि त्यांनी खांदा दिला. तिसरा श्रीनिवास होता आणि चौथी रमा. ती उंचीने लहान असल्यामुळे तिरडी खांद्यावर ठेवली तर एका बाजूस कलत असे. म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार मस्तकावर घेतला. तेव्हा तिचे वय सोळा वर्षांचे होते. पुढे कृष्णाबाईचेही निधन झाले आणि एवढ्या मोठ्या जगात भाऊ आणि बहीण अशी दोघेच उरली.

आता कोठे जावे, हा त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता. गंगामूळचे घर गेले होते. नातलगांचा आधार नव्हता. आईवडिलांनी दाखविलेली वाट तेवढी ठाऊक होती, ती म्हणजे तीर्थयात्रा. त्यामुळे दोघांनी दक्षिणेकडून उत्तरेची दिशा धरली. ज्यांना घर असते त्यांचा प्रवास घरापासून सुरू होतो आणि घरीच संपतो. या भावंडांच्या वाटेला असा शेवट नव्हता. शिवाय एक गोष्ट त्यांना क्षणभरही विसरता येत नसे. चुकामूक झाली तर एकमेकांस शोधण्याचे कोणतेही साधन त्यांच्याजवळ नव्हते. युरोपातील भावंडे वेगवेगळ्या गावी राहून पत्राने प्रवासाचा बेत जुळवू शकत. येथे मात्र बेत जुळविण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे कधीही वेगळे न होणे. एकाला ताप आला तर दुसऱ्याने थांबावयाचे. एकाला मूठभर धान्य मिळाले तर ते दोघांत वाटावयाचे. देऊळ, धर्मशाळा, नदीचा उतार आणि पुढील गावाचे अंतर वाटेत भेटेल त्याला विचारून घ्यावयाचे आणि दोघांच्या पायांत जेवढी शक्ती असेल तेवढाच मुक्कामाचा पल्ला धरावयाचा. अशा रीतीने त्यांची वाटचाल चालली होती.

ही वाटचाल तीन-चार वर्षे चालू राहिली. याच काळात, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दक्षिण हिंदुस्थानावर महादुष्काळ कोसळला आणि लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. ही भावंडे त्या काळातही वाटेवरच होती. कित्येकदा मूठभर धान्य पाण्यात भिजवून, त्यात चिमूटभर मीठ घालून त्यांनी दिवस काढले. कित्येकदा रानातील बोरे आठळ्यांसह गिळली, कारण आठळ्यांनीही पोट भरल्यासारखे वाटे. उत्तरेकडे पंजाबात गेल्यावर भुकेच्या जोडीला थंडी आली. अंगावर घेण्यास पांघरूण नव्हते. झेलम नदीच्या काठी एका रात्री गारठा असह्य झाला, तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात अंग टाकले आणि तोंड तेवढे उघडे ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. दोन जिवंत भावंडांनी आपल्या हातांनी आपल्यासाठी थडग्यासारखे खड्डे खणावे, यापेक्षा दारिद्र्याचे दारुण चित्र कोणते असू शकेल? परंतु सकाळ झाली की वाळू झटकून ती पुन्हा चालू लागत.

या प्रवासात दोघांच्या मनातही एक दुसरा प्रवास चालला होता. ती निघाली होती पुण्यसंचयासाठी. व्रते, उपवास, स्नाने, दाने यांत त्यांनी काही उणे ठेवले नव्हते. परंतु डोळे उघडे ठेवून चालणाऱ्यास वाट पुष्कळ काही शिकविते. हिमालयाच्या प्रदेशात एका सरोवरात सात तरंगते पर्वत आहेत आणि पुण्यवान यात्रेकरूने प्रार्थना केली की ते त्याच्याकडे चालत येतात, अशी ख्याती होती. पाण्यात सुसरी असल्याचे सांगून तेथील पुजारी यात्रेकरूंना पोहू देत नसत. श्रीनिवास जिज्ञासू होता. एके दिवशी भल्या पहाटे, कोणी जागे नसताना, तो पाण्यात उतरला आणि पोहत त्या पर्वतांपर्यंत गेला. पाहतो तो काय, तराफ्यांवर माती आणि दगड रचून त्यांत झाडे लावलेली होती आणि त्यांना ढकलण्यासाठी मागे एक लहानशी होडी दडविलेली होती. ही हकीकत भावाने बहिणीस सांगितली. ऐकीव गोष्ट स्वतः पारखून पाहावी आणि जे दिसले ते निर्भयपणे मान्य करावे, हा धडा रमाबाईंना कोणत्याही ग्रंथापूर्वी भावाच्या त्या पहाटेच्या धाडसाने दिला.

वाटेने त्यांना आणखी एक गोष्ट दाखविली. गावोगावी, प्रांतोप्रांती त्यांना बालविधवा दिसल्या, कोंडलेल्या स्त्रिया दिसल्या आणि अक्षरशत्रू मुली दिसल्या. भाषा बदलत होती, वेष बदलत होता, परंतु स्त्रीचे दुःख कोठेही बदलत नव्हते. नकाशावर बोट फिरवून देश जाणणारे पुष्कळ असतात. या दोघांनी तो तळपायांनी जाणला. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे हा पायी प्रवास चार हजार मैलांहून अधिक झाला. म्हणजे आजच्या मापाने तो सुमारे साडेसहा हजार किलोमीटर भरतो.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि त्यांचे दिवस पालटले. वीस वर्षांची एक तरुणी अस्खलित संस्कृत बोलते, पुराणे मुखोद्गत म्हणते आणि शास्त्रार्थ करते, ही वार्ता त्या विद्यानगरीत पसरली. कलकत्ता विश्वविद्यालयाच्या सभागृहात पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. ज्या मुलीस एका भाकरीच्या तुकड्यासाठी तोंड उघडता आले नव्हते, तिचे शब्द ऐकण्यास आता सभागृहे भरू लागली.

या सन्मानाच्या वेळी श्रीनिवासशास्त्र्यांचे वर्तन विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. ते स्वतः संस्कृतज्ञ होते, वयाने वडील होते आणि पुरुषाने पुढे असावे, ही त्या काळची रीत होती. परंतु बहिणीची कीर्ती त्यांना कधी खुपली नाही. बंगाल आणि आसाम या प्रांतांत दोघांनी मिळून प्रवास केला. स्त्रियांना शिक्षण मिळाले पाहिजे, हा विषय दोघांनी मिळून मांडला आणि व्यासपीठावरील अग्रस्थान भावाने बहिणीस दिले. आपल्या पित्याने ज्या विचारासाठी अरण्यवास पत्करला होता, त्या विचारासाठी मुलाने बहिणीच्या मागे उभे राहणे पत्करले. अशा मागे उभ्या राहणाऱ्यांची नावे इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली जात नाहीत. पण त्यांच्यावाचून पुढे असणाऱ्यांस पाऊल टाकता येत नाही.

उपासमार आणि ऊनपाऊस यांनी श्रीनिवासशास्त्र्यांची प्रकृती मात्र पोखरून टाकली होती. १८८० च्या मे महिन्यात ढाका येथे त्यांचे निधन झाले. अंतकाळी त्यांच्या मनात एकच चिंता होती की, आपल्यामागे या परक्या प्रांतात बहिणीचे कसे होईल. लहानपणापासून जी वाट कधी एकटीने चालावी लागली नव्हती, ती आता रमाबाईंना एकटीनेच चालणे प्राप्त झाले.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. जात आणि प्रांत या दोहोंच्या मर्यादा ओलांडणारा तो विवाह होता. १८८१ साली त्यांना मनोरमा ही कन्या झाली. परंतु १८८२ च्या आरंभीच पतीचेही निधन झाले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन त्यांनी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य यांची आवश्यकता प्रतिपादन केली. वैद्यकीय शिक्षण घ्यावे, या हेतूने त्यांनी १८८३ साली इंग्लंडचा प्रवास केला. या प्रवासाचा खर्च त्यांनी मुख्यतः स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून केला. पूर्वीच्या प्रवासात ज्या हातांत तिकिटाचे पैसे नव्हते, त्या हातांनी लेखणीच्या बळावर आता समुद्रपर्यटनाचे तिकीट मिळविले होते.

इंग्लंडमध्ये त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या निर्णयामुळे स्वदेशातील अनेक स्नेही दुरावले. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाची आशा त्यांना सोडावी लागली. तरीही त्या थांबल्या नाहीत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी स्वतः अध्ययन केले आणि संस्कृतचे अध्यापनही केले. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांस वैद्यकीय पदवी मिळण्याचा समारंभ होता. त्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. हिंदुस्थानातील विधवांची स्थिती वर्णन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नियोजित कार्यास साहाय्य करण्यासाठी बोस्टन येथे एक मंडळ स्थापन झाले. जपानमार्गे स्वदेशी परतल्यावर त्यांनी अमेरिकेतील लोकस्थितीविषयी मराठीत एक पुस्तक लिहिले. परदेशात काय पाहावे आणि त्यातून स्वदेशासाठी काय घ्यावे, याची दृष्टी त्या पुस्तकात पदोपदी दिसते. अशी दृष्टी केवळ ग्रंथ वाचून येत नाही. ती येण्यासाठी आधी आपला देश पायांखाली गेलेला असावा लागतो.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. पुढील वर्षी ती पुण्यास हलविण्यात आली. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई कर्वे या त्या शाळेच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनी होत. नंतर पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारले.

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतून येणाऱ्या वार्ता रमाबाईंना वाचवेनात. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना वर्तमानपत्राने सांगण्याची गरज नव्हती. पाला खाऊन काढलेले दिवस, धोतरात गुंडाळलेला पित्याचा देह, आईच्या हातातच राहिलेला भाकरीचा तुकडा, हे सर्व त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि निराधार स्त्रिया व मुली यांना गोळा करून केडगावास घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हाही त्यांनी तेच केले. त्या वेळी मुक्तिसदनात सुमारे दीड हजार जीव आश्रयास होते. त्यांना केवळ अन्न देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. आपल्या आईवडिलांनी विद्या दिली, परंतु पोट भरण्याचा व्यवसाय दिला नाही, ही उणीव त्यांनी भोगली होती. म्हणून लिहिणे-वाचणे यांबरोबर शेती, विणकाम, छपाई असे उद्योग तेथे मुलींना शिकविले जात. पुढे १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथेही मनोरमाबाईंच्या पुढाकाराने शाळा निघाली. ज्या रायचूरला लक्ष्मीबाई अन्नावाचून गेल्या, ते गाव तेथून फार दूर नाही.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी बायबलचे मूळ भाषांवरून मराठी भाषांतर करण्याचे प्रचंड काम केले. १९२१ साली मनोरमाबाई त्यांच्या डोळ्यांदेखत निवर्तल्या. हा आघात सोसून त्यांनी हाती घेतलेले काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

रमाबाईंच्या चरित्रात युरोप-अमेरिकेचा प्रवास मोठा मानला जातो, आणि तो मोठा आहेच. परंतु त्यांच्या जीवनाची दिशा ठरली ती बोटीवर किंवा आगगाडीत नव्हे. ती ठरली भावाबरोबर चाललेल्या अनवाणी वाटेवर. मिळालेली मूठभर अन्नाची वाटणी कशी करावी, थकलेल्यासाठी कसे थांबावे आणि ऐकलेले कसे पारखून पाहावे, हे त्या वाटेने त्यांना शिकविले. पुढे हजारो अनाथ मुलींसाठी त्या थांबल्या, त्यांच्याबरोबर त्यांनी आपली भाकरी वाटून घेतली. श्रीनिवासशास्त्र्यांची पावले ढाक्याला थांबली. परंतु बहिणीने ती वाट सोडली नाही. दोघांनी मिळून आरंभिलेला प्रवास तिने पुढे बेचाळीस वर्षे चालू ठेवला.